सोळा डोक्यांची वाटणी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (वाकताना पाठीत उसण भरली, तेव्हा निम्माच धर.) तुझी सर्दी, वहिनीचा राग आणि बाबांचा पेपर, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे.

पत्राला उशीर झाला, कारण मी काम करत होते. हसू नकोस. ऐकू न येणाऱ्यांसाठी आम्ही एक यंत्र बनवतोय. पाकिटाएवढी डबी आणि कानात घालायचं बोंड. त्याच्या आतलं सर्किट मी संगणकावर लिहिते आणि संगणक ते चिपवर बसवतो. याला म्हणायचं कंपाइल, आणि त्याला लागतात सहा तास. एक आकडा बदलला की पुन्हा सहा तास. (तुला आलेले तीन स्वेटर त्याच वेळात विणलेत. चौथ्याला एकच बाही आहे, त्याचं कारण आता कळेल.)

चाचणी दहा दिवसांवर आली, तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तेवढ्यात मला शोध लागला, की संगणकाला सोळा कोअर आहेत, म्हणजे सोळा डोकी, आणि राबतंय एकच! बाकीची पंधरा हाताची घडी घालून बसलेली. (डोक्यांना हात नसतात, पण ऐट तीच.) मी संतापून सर्किटाचे सोळा तुकडे केले आणि एकेकाला एकेक दिला. सगळी एकदम मेमरीवर तुटून पडली. सोळा पाहुणे आणि न्हाणीघर एक. संगणक बंद करूनच उठवावा लागला. मग चार-चारच्या पाळ्या लावल्या, तर पन्नास मिनिटांत काम फत्ते! फक्त डबीतून आवाजच येईना.

आमचे निवृत्तीला टेकलेले तंत्रज्ञ आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "वाटण्या छान केल्यास गं. पण मधल्या भिंती कुणाच्या?" प्रत्येक तुकडा आतून चोख होता, पण एकातून दुसऱ्यात जाणारे सिग्नल उशिरा पोचत होते. मग आम्ही दोघांनी तीन दिवस नुसत्या सीमा आखल्या. कुणी कुणाला काय द्यायचं आणि किती वेळात. त्यानंतर चार दिवसांत बावीस वेळा कंपाइल केलं, आणि आवाज माणसासारखा झाला.

चाचणीला शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. डबी लावल्यावर त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा पंखा केवढा कुरकुरतो हो!" आम्ही टाळ्या वाजवल्या, तर ओरडल्या, "हळू! बहिरी आहे का मी?" मास्तर चष्मा पुसायला बाहेर गेले. मीही गेले. (मला चष्मा नाही.)

तुझी,
शेंडेफळ

ता. क. सोबतच्या पार्सलात एक डबी आहे. बाबांसाठी. माझं नाव सांगू नकोस, उघडणारसुद्धा नाहीत.

ता. क. दुसरा. घर सोडताना मी त्यांना जे बोलले, ते त्यांना ऐकूच आलं नाही, असं तू चार वर्षं सांगत आलायस. दादा, तुला खोटं बोलता येत नाही. बोंड कानात नीट बसलं की मला फोन लाव आणि त्यांच्या हातात दे. माफी मागायचीय, आणि ती पहिल्याच फटक्यात ऐकू जायला हवी. दुसऱ्यांदा म्हणायला मला जमणार नाही.