निवासी शाळेचा अर्ज

बाबा, तुमच्या शाळेतले ते दुसरे गुरुजी गेल्या वर्षापर्यंत मला देवमाणूस वाटायचे. आता त्यांच्या घरावरून जायचं असलं की मी रस्ता बदलते. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी फक्त खरं सांगितलं, तेही मला ते आधीच ठाऊक असेल असं धरून. दोष तुमचा आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा भांडायचं तर कागदावरच भांडावं लागतं.

माझी मुलगी पाचवीत गेली आणि तुमच्या जावयाच्या मनानं घेतलं की तिला सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचं. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. एसटीत कंडक्टर आहेत, माणूस सरळ आहे, पण डेपोत कुणी काही सांगितलं की ते घरी घेऊन येतात. आता पोरांच्या ॲडमिशनसाठीसुद्धा सल्लागार असतात, हे त्यांनीच आणलेलं. वर्ध्याला स्टेशनजवळ काचेच्या दाराचं ऑफिस होतं, तिथे आम्ही तिघं गेलो. त्या माणसानं मुलीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खेड्यातल्या मुलांना जागा जास्त असतात, ही खेड्यातल्या शाळेत शिकली असा दाखला मीच आणून देतो, म्हणाला. मी उठलेच. जिना उतरताना ह्यांना म्हटलं, माझे वडील मुख्याध्यापक होते, त्यांनी आयुष्यात कुणासाठी खोटा शिक्का मारला नाही, माझ्या पोरीचा अर्ज असा जाणार नाही. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. मग तूच शोध तुझा माणूस, असं ह्यांनी ऐकवलं, आणि मी दुसऱ्या गुरुजींना शोधून काढलं. रिटायर होऊन वर्ध्यातच राहतात, घराच्या फाटकाला 'प्रवेश मार्गदर्शन' अशी पाटी लावलीय. ह्यांना ते जुन्या वळणाचे वाटले. पण बाबांच्या हाताखाली काम केलेला माणूस, याउपर मला काही विचारायचंच नव्हतं.

कारण तुमच्यासारखा सल्लागार मी पाहिलेला होता. अल्लीपूरच्या अलीकडे आपलं गाव, चार खोल्यांची शाळा, आणि दरवर्षी अर्जांचे दिवस आले की तुम्ही हिंगणघाटहून फोटोवाल्याला बोलावून घ्यायचे. शाळेच्या भिंतीला पांढरी चादर ठोकलेली असते, पोरं तेल लावून रांगेत उभी असतात, आणि तुम्ही कंगवा घेऊन एकेकाचा भांग पाडता आहात. माझाही पाडलात. लाल रिबिनीतला माझा तो फोटो तुम्ही स्वतः खळ लावून अर्जावर चिकटवला. एक मजूर बाई मुलीला पाठवायला तयार नव्हती, पदर डोळ्याला लावून व्हरांड्यात बसली होती. तिला तुम्ही सगळ्यांसमोर रागावलात, "रडून राह्यली काऊन? तुह्या मायेपायी पोरीचं नुकसान होऊन राह्यलं." ती मुलगी गेली. आज ती डॉक्टर आहे. घरी संध्याकाळी तुम्ही भाकरी थापायचे, मी चुलीसमोर बसून सरावाची गणितं सोडवायची. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आपण दोघंच. उत्तर बरोबर आलं की तुम्ही पिठाच्या हातानंच माझी पाठ थोपटायचे.

सगळ्यांचं हॉल तिकीट आलं, माझं आलं नाही. तुम्ही चौकशीला वर्ध्याला गेलात. संध्याकाळच्या गाडीनं परत आलात ते नवी कंपास पेटी घेऊन, आणि सांगितलंत की पोस्टात गहाळ झाला असेल, साहेबही काही करू शकत नाही. ती परीक्षा एकदाच देता येते. मी रडले, तुम्ही जवळ घेतलंत, आणि मी तुमचीच समजूत घातली की जाऊ द्या बाबा, मी इथेच पहिली येईन.

दुसऱ्या गुरुजींनी मुलीला दोन-तीन गणितं घातली, खूश झाले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, आधी आईनं मन घट्ट केलं पाहिजे, नाहीतर तुझ्या वडिलांसारखं व्हायचं. मी विचारलं, म्हणजे कसं? "तुहा अर्ज त्यायनं धाडलाच नाई ना. माह्यासमोर कपाटात ठेवला. म्हणे, हे पोरगी गेली तं मले घर खायले उठन. तुले सांगतलं नाई का त्यायनं?" चहा समोर तसाच राहिला. मी हसून म्हटलं, हो, सांगितलं होतं.

बाबा, तुम्ही मला ठेवून घेतलंत हे एकवेळ मी समजले असते. पण वर्ध्याला जाऊन आल्याचं सोंग कशाला केलंत? दिवसभर कुठे बसला होता तुम्ही, एसटी स्टँडवर? आणि मला ठेवून घेतलंत तर निदान राहायचं तरी. मी सोळाची असताना तुम्ही गेलात, आणि बारावीचा निकाल लागायच्या आत काकांनी माझं लग्न उरकून टाकलं. आज मी अंगणवाडीत लोकांच्या पोरांना पाढे म्हणायला लावते. नोकरी वाईट नाही. पण दुसऱ्यांच्या लेकी तुम्ही परीक्षेला धाडल्यात आणि मला फसवलंत, आणि वर मी जन्मभर तुमच्या खरेपणाची शपथ खात आले, याचा मला फार राग येतो.

मुलीचा अर्ज मी स्वतः जाऊन दिला, पोच घेतली. तिची निवड झाली. पेढे वाटले, ट्रंक आणली, आणि जायच्या आदल्या दिवशी ती माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिला जायचं नव्हतं. ते मला परीक्षेच्या आधीपासून कळत होतं, मीच दिसत असूनही पाहत नव्हते. तिनं विचारलं, "आई, मले काऊन पाठवून राह्यली तू? मी काही केलं का?" तुमच्यावरचा राग होता बाबा, दुसरं काही नव्हतं. तो तिला कसा सांगणार? मी पोळी उलटली आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, तुझ्या आजोबांची फार इच्छा होती. ती लगेच जाऊन ट्रंक भरायला लागली. मागच्या रविवारी भेटायला गेले, तर तिनं पलंगाशेजारी तुमचा फोटो लावलेला आहे.