सुट्या बोटांचा पंजा

टोरून,
१४ ऑक्टोबर

लाडक्या यागोदास,

मामाचा भरभरून आशीर्वाद. आई बरी आहे ना? इथं नदीवरून गार वारा सुटलाय. कोबी खारवून बरण्या भरून झाल्या. मी मजेत आहे.

तुझं पत्र पोचलं. चिलखत घालून लढायच्या तुझ्या पहिल्या सामन्याला हातात चढवायचे माझे पोलादी पंजे हवेत म्हणतेस. "मामा, तुझे घालून उतरले की मला भीती वाटणार नाही." वाचून गहिवरलो गं. पण नाही मिळणार. रागावू नकोस.

माझे सुट्या बोटांचे आहेत. देखणे खरे, पण प्रत्येक बोटावर पत्र्याचे चिमुकले तुकडे. कुऱ्हाड बसली की ते आत वाकतात. तुला चारही बोटं एकाच जाड पत्र्याखाली झाकणारे हवेत. अस्वलाच्या पंजासारखे दिसतात, दिसू देत!

काल चिलखतं घडवणाऱ्या विटोल्डकडे जाऊन आलो. म्हातारा विचारतो, "पोरगी नाजूक आहे का?"

म्हटलं, "अंगणात मला चीत केलंय तिनं."

"तुला काय, कुणीही करेल. जाडच पत्रा देतो."

त्यानं एक जोड बाजूला काढून ठेवलाय, रविवारी जाऊन बघ. तो घालून आरशात बघत बसू नकोस. आत जाड मोजा घाल, तलवारीची मूठ आवळ, मनगट फिरव. अंगठ्यापाशी फट राहता कामा नये. मग हात टेबलावर ठेव आणि विटोल्डला वरून हातोडा मारायला सांग. दचकलीस तर हरकत नाही, पण दुखलं तर घ्यायचे नाहीत.

निघताना विटोल्ड म्हणाला, "तुझा तो उजवा पंजा आण एकदाचा. भट्टीत टाकू."

"आणतो की."

"उन्हाळ्यापासून आणतोयस." मी हात खिशात घातला आणि घरी आलो.

मे महिन्यातल्या माझ्या सामन्यात तू कठड्यापलीकडेच उभी होतीस. मी तोल सावरायला कठडा धरला आणि कुऱ्हाड त्याच हातावर आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. आपण त्यावर कधी बोललोच नाही, मीच थट्टा करून वेळ मारून नेली.

पण यागोदा, ती गेलेली नाहीत. दिवसभर आवळलेली असतात. त्यांची नखं तळव्यात रुततात. नसलेली नखं! डॉक्टरीणबाई म्हणतात, काहींना होतं असं. वाकलेला पंजा मी ठोकून सरळ केला, तुला आठवण म्हणून द्यायचा होता, तुझी शपथ. सहज आत हात घातला, आणि दोन्ही बोटं अलगद उलगडली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! लहान मुलासारखा रडलो मी. रिकाम्या पत्र्यात ती हलतात. पत्रा जागचा हलत नाही, तरी ती हलतात.

तेव्हापासून मी तो काढतच नाही. चारचौघांत जायचं असेल तेवढाच काढतो, आणि घरी आलो की कोट उतरवण्याआधी घालतो. हे पत्रही डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. पत्र्याच्या कडेनं जखम झाली होती, ती चिघळलीय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हा पंजा सुटला नाही तर मनगटापासून हात कापावा लागेल. मी हो हो म्हटलं. मजेत आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. मला फार भीती वाटते. पंजा वितळवला तर ती दोघं कुठं जातील, एवढंच सारखं मनात येतं.

म्हणून रविवारी विटोल्डकडे जाण्याआधी इकडे ये. आईला काही सांगू नकोस. मनगटाचे पट्टे सोड आणि पंजा ओढून काढ. तो कायमचा सोडणं माझ्या हातून होत नाही, मी करून बघितलं. मी शिव्या देईन, तुला ढकलीन, तुझ्या पाया पडेन. माझं ऐकू नकोस. तो घेऊन सरळ भट्टीवर जा, मागं वळून बघू नकोस.

तुझी वाट बघणारा, आणि तू येऊ नयेस असंही वाटणारा,
बोगुमिल मामा