तुरीचा एक दाणा

वाशीम, शुक्रवार, एप्रिल १९४२

ब्रह्मदेशाच्या नकाशावर पलटणींच्या जागी मी तुरीचे दाणे खळीने चिकटवतो. अगदी बिनचूक. गेल्या महिन्यात ओसरीवर सर्वांना समजावलं, आपली माणसं पलीकडे असतानाच सेनापतीने पूल उडवला, तेच बरोबर. नाहीतर शत्रू अलीकडे आला असता. आणि पलीकडचा दाणा नखाने काढून टाकला.

आज शेजारच्या गंगूबाई माळणीने पलटणीतून आलेलं पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं. तिचा मुलगा नामदेव पुलापलीकडेच राहिला, गेला.

"भाऊ, तुमी त साहेबाचं बरोबर म्हनलं होतं. माह्या नामदेवाचा दाना कोनता?"

नकाशावर नदीकाठी खळीचा डाग तेवढा होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

तो निर्णय मला अजूनही बरोबरच वाटतो. मग ती गेल्यावर मी केरात दाणा का शोधत बसलो?