लीजच्या गाडीचे उरलेले मैल

हॅमट्रॅमक, मिशिगन
मार्चचा दुसरा रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय लुद्विक भाऊजी,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, गेनोवेफाचा, तुम्हाला नमस्कार आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना आराम. इरेना जाऊबाईंचं ब्लडप्रेशर कसं आहे? तुमच्या फ्लोरिडातल्या तळ्यातली ती मगर अजून अंगणात येते का, की जाऊबाईंनी तिला हाकलली? (हाकललीच असणार. मी त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात दहा वर्षं काढलीत.) इकडे सगळं ठीक. तुमच्या भावाची, तादेकची पाठ होती तशीच आहे, आणि तोही सोफ्यावर होता तसाच आहे. तुमच्या आईंना हल्ली कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. बर्फ अजून हटलेला नाही. विचारपूस संपली, आता मुद्द्याचं बोलते.

तुमच्या नंबरावर घेतलेली गाडी वाचली आणि मीही वाचले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला धाप लागायची आणि जाऊबाई मला बोल लावायच्या. गेले तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. काल रात्री मी तीन ताटल्या बीटाचं सूप प्यायले आणि चौथी घेताना तादेकनं मला टोकलं, म्हणजे बघा.

तुम्हाला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या आदल्या रात्री माशाचा मधला तुकडा मी तुमच्या ताटात वाढला होता. उगीच नव्हता वाढला. मोटारींच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला नातेवाइकांच्या गाड्यांसाठी सवलतीचे नंबर मिळतात आणि ते वर्षाला मोजकेच असतात, त्यामुळे आपल्या खानदानात डिसेंबर महिन्यात तुमच्याशी कुणी भांडत नाही. (जानेवारीत काय बोलतात ते मी कागदावर लिहिणार नाही.) माझी जुनी गाडी बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खाल्ली होती, पायाखालून रस्ता दिसायचा. आणि गाडी नाही तर माझं काम नाही. ज्यांची घरं मी पुसते त्या बायका राहतात तळ्याकाठच्या गावांत, तिथे बस जात नाही. (त्यांना बस आलेली खपत नाही, मी आलेली चालते.) तुम्ही काटे काढत काढत म्हणालात, "गेनिया, विकत कशाला घेतेस? आमच्याकडे शहाणा माणूस लीज करतो. तीन वर्षं वापर, परत दे, दुसरी घे." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नंबर तुमच्या खिशात होता, मी काय वाद घालणार?

शोरूममध्ये डर्क नावाचा माणूस होता, दात पांढरे आणि बूट टोकदार. त्यानं मला कॉफी दिली आणि महिन्याचा आकडा सांगितला. आकडा इतका लहान की मला वाटलं त्याचीच चूक झाली, म्हणून घाईघाईनं सही केली. मी आठवी शिकलेली बाई, तीही पोलंडातल्या खेड्यात, त्या कागदावरचं काय वाचणार? एक मात्र विचारलं, व्याज किती? तर त्यानं बोट ठेवलं एका आकड्यावर. आधी शून्य, मग टिंब, मग आणखी शून्यं, आणि पार शेवटी एक-दोन आकडे चोरासारखे भिंतीला चिकटून उभे. म्हणाला, "बघा मॅडम, जवळजवळ काहीच नाही!" (ते काहीच नाही नव्हतं. त्याला चोवीसशेनं गुणायचं असतं, तेव्हा खरं व्याज कळतं. हे मला परवा कळलं. कुणाला सुचेल असं? मी बटाटे विकले असते तर आधी गुणून मग सांगितलं असतं.) तादेक आगाऊ मोठी रक्कम भरायला निघाला होता, म्हणजे हप्ता अजून कमी होईल. तो बेत मी मोडला. रस्त्यावर उभी राहणारी गाडी, उद्या कुणी चोरून नेली तर विमा मिळणार कंपनीला आणि आमची आगाऊ रक्कम गेली हवेत. एवढी अक्कल मला शाळेविना होती. बाकी कुठेच नव्हती.

निघताना डर्क म्हणाला, वर्षाला दहा हजार मैल, आणि वरच्या प्रत्येक मैलाला वीस सेंट. भाऊजी, त्या वीस सेंटांनी माझी झोप उडवली. मी मैल साखरेसारखे पुरवून वापरायला लागले. कसायाकडे चालत जायचे, बर्फातसुद्धा. माझ्या भाचीच्या, दोरोताच्या बाळाचं बारसं होतं ओहायोत, मी तिच्या नवऱ्याला न्यायला बोलावलं आणि परत सोडायलाही लावलं. (तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बोलायचा तेव्हाही फारसं सुख नव्हतं.) त्यात तो रोग आला, सगळे घरात कोंडले गेले, तळ्याकाठच्या बायका आपापली घरं स्वतःच पुसायला लागल्या, आणि गाडी वर्षभर दारात नुसती उभी. मी हप्ते भरत होते आणि पक्षी तिच्यावर बसत होते.

मग गेल्या उन्हाळ्यात मी डर्कला फोन केला. म्हटलं, अहो, माझे निम्म्याहून जास्त मैल शिल्लक आहेत, त्यांचे पैसे कसे परत देता, चेकनं की रोख? तो हसला. मैल उरले तर पैसे परत मिळत नाहीत, मॅडम. जास्त झाले तर तुम्ही द्यायचे, कमी झाले तर आमचे आभार. मी फोन आपटला आणि त्या दिवशी धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या, इतका राग आला होता. पैसे मोजून घेतलेले मैल मी त्या टोकदार बुटांना फुकट देणार? मी पाहुण्यांच्या ताटातली उरलेली डम्पलिंगं दुसऱ्या दिवशी तळणारी बाई!

दुसऱ्याच रविवारी आईंना पुढच्या सीटवर बसवलं, थर्मास दिला, गुडघ्यांवर शाल टाकली आणि म्हटलं, चला, मैल संपवायचेत. त्यांनी विचारलं, "कुठे?" म्हटलं, कुठेही. त्या म्हणाल्या, "मला एवढ्या वर्षांत कुणी कुठेही नेलं नाही." (हे तुमच्यासाठी लिहिलंय, भाऊजी. नीट वाचा.) आणि खरंच, त्यांनी या देशात कारखान्याचं फाटक, चर्च आणि कसायाचं दुकान सोडून पाहिलंय काय? आम्ही उत्तरेला मॅकिनॉचा मोठा पूल ओलांडला, त्यांनी पूलभर डोळे मिटून जपमाळ ओढली, आणि पलीकडे पोहोचल्यावर म्हणाल्या, परत एकदा. चेरीच्या बागा झाल्या, वाळूचे डोंगर झाले, ज्या गावात काहीच नाही ती गावंही झाली. मी दमून घरी वळले की त्या मीटरकडे बोट दाखवायच्या, "गेनिया, वळव गाडी, अजून शिल्लक आहेत." मला मेलीला त्या मीटरवर त्यांच्याऐवजी मीच नजर ठेवायला हवी होती.

ऑक्टोबरात आम्ही एका शेतावरून कोबी घेतली, चांगली घट्ट. शेतकऱ्याच्या बायकोनं तिच्याकडची आंबवलेली कोबीही दिली, चिनीमातीच्या मोठ्या बरणीत, अजून बुडबुडे येत होते. मी म्हटलं बरणी डिकीत ठेवू. आई म्हणाल्या, डिकीत गार पडेल, मागच्या सीटवर ठेव, पट्टा लाव. ठेवली, पट्टा लावला, लहान मुलाला बसवावं तशी. आणि सॅगिनॉच्या अलीकडे आमच्या राज्याचा तो खड्डा आला, जो नकाशावर दाखवायला हवा. चाकाची रिंग वाकली, बरणीचं झाकण छताला लागलं, आणि सगळं आंबट पाणी सीटमध्ये, गालिच्यात, जिथे हात जात नाही अशा सगळ्या जागांत. आई पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "कोबी वाचली का?" नंतर मी व्हिनेगर लावलं (तादेकची सूचना, त्याला पुन्हा काही विचारणार नाही), सोडा टाकला, कॉफीची पूड पसरली. आता गाडीला कोबी, व्हिनेगर आणि कॉफी असा तिहेरी वास यायला लागला. आणि या सगळ्या गडबडीत जानेवारीत मीटर बघितला तर तीस हजार कधीच ओलांडलेले. वाचवायला निघाले आणि वर दंड लावून घेतला.

परत द्यायच्या आधी कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी तपासतो. फेब्रुवारीत आला. सभ्य होता बिचारा. त्याच्याकडे पत्त्याएवढं एक कार्ड असतं, ते ओरखड्यावर ठेवतो, ओरखडा कार्डाखाली झाकला गेला तर माफ. एका ओरखड्यावर आईंनी आधीच तळहात ठेवला होता आणि त्या हलायलाच तयार नव्हत्या. मग त्यानं मागचं दार उघडलं, आणि दोन पावलं मागे जाऊन आमच्या कुंपणाला टेकला. वासाला कार्ड लावता येत नाही. त्यानं सीट लिहिली, गालिचा लिहिला, रिंग लिहिली, जास्तीचे मैल लिहिले, शिवाय गाडी परत घेण्याचीही वेगळी फी असते (हो! परत घेण्याची! मी धुणं परत दिल्याचे पैसे कधी मागितलेत?). बेरीज बघून मी पायरीवरच बसले. तेवढे पैसे भरले तर दुसरी गाडी नाही, गाडी नाही तर काम नाही, काम नाही तर तादेकचा सोफासुद्धा नाही. आणि वर तुमच्या नंबराला बट्टा. मला वाटलं तुम्हाला फ्लोरिडात नोटीस येईल.

आता पुढची गंमत ऐका. आठवड्यानं डर्कचा फोन. आवाज असा गोड की मी आधी ओळखलाच नाही. "मॅडम, कशा आहात? काळजी करू नका, गाडी फक्त आणून द्या, तो दंड वगैरे आम्ही बघून घेऊ." दोन दिवसांनी पुन्हा फोन, मी घ्यायला येऊ का? तिसऱ्या दिवशी तळलेल्या, जॅम भरलेल्या पोंच्कींचा खोका घेऊन दारात हजर, तेही ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात! मी त्याला म्हटलं, "डर्क, तू गाडीचा वास घेतलायस?" म्हणाला, "थोडा असतोच हो वास." भाऊजी, वर्षानुवर्षं लोकांची घरं पुसून मला एक कळतं. घाणीबद्दल काही बोलत नाही त्या माणसाला घरात काहीतरी हवं असतं.

म्हणून मी तो कागद घेतला आणि आपल्या पतपेढीत गेले. तिथे ग्लेंडा म्हणून बाई आहे, हळू बोलते, वैताग येतो, पण समजावून सांगते. म्हणाली, आख्खी गाडी म्हणजे एक पाव धर. तीन वर्षांत तू खाल्लास त्या तुकड्याचे पैसे तू दिलेस, वर व्याज. उरलेल्या तुकड्याची किंमत त्यांनी त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलीय, ही बघ. तेवढे देऊन तू गाडी ठेवून घेऊ शकतेस. आणि हल्ली नव्या गाड्या बनतच नाहीत, आतला कसला बारीकसा भाग मिळत नाही म्हणे, त्यामुळे जुन्यांचे भाव वर गेलेत. बाजारात तुझ्या उरलेल्या तुकड्याला लिहिलेल्या किमतीपेक्षा कितीतरी हजार जास्त मिळतात. ते डर्कला हवेत.

मी म्हटलं, "मग दंड? मैल? रिंग? परतीची फी?"

"ते सगळं परत दिलीस तर."

"आणि वास?"

ग्लेंडानं चष्मा काढला. "परत दिलीस तर वास त्यांचा, दंड तुझा. ठेवलीस तर नुसता वास तुझा."

मी तिथेच रडले, भाऊजी. मी रडत नाही, तुम्हाला माहीत आहे, वडील गेले तेव्हासुद्धा भांडी घासत होते. पतपेढीनं उरलेल्या रकमेचं कर्ज दिलं, हप्ता जवळजवळ आधीएवढाच, पण या वेळी शेवटी गाडी माझ्या नावावर राहील. डर्कला फोन करून सांगितलं. त्यानं पोंच्की परत मागितल्या नाहीत, एवढं खरं. आम्ही उपास मोडून खाल्ल्या, पाद्रीबाबांना सांगू नका.

आज सकाळी चर्चला गाडीनं गेले. आंबट वास येत होता, काचा बंद ठेवल्या. माझा वास, माझी गाडी, उघडायच्या तेव्हा उघडीन.

जाऊबाईंना नमस्कार, गुडघ्यांना तेल लावा.

तुमची धाकटी भावजय,
गेनोवेफा

ता. क. नवा नंबर नकोय. या डिसेंबरात माशाचा मधला तुकडा मी खाणार आहे.

आणखी ता. क. गाडी आपली झाली म्हटल्यावर आईंनी पहिला प्रश्न विचारला, आता मैल कुणी मोजणार नाही ना? म्हटलं, नाही. दुसरा प्रश्न विचारला, लुद्विक किती मैलांवर राहतो? आम्ही दोघी गुरुवारी पहाटे निघतोय. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा आम्ही जॉर्जियात असू, तेव्हा नको म्हणायला फोन करू नका, तादेकला मी तो उचलायचा नाही असं सांगून ठेवलंय. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करा, जिने त्यांना जमत नाहीत. मगरीचं मी सांगितलंय, त्यांना बघायचीच आहे.

शेवटचं. मला कामं आहेत, मी दोन दिवसांत एकटी परत येईन. आई ईस्टरपर्यंत राहणार म्हणतात. कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारलं नाही.