ऑइल मीटरवरचे कुंकू

मी, सुमेधा अनंत पांढरीपांडे, वय सत्तावीस, अविवाहित, तांत्रिक शाळेत शिक्षिका, राहणार यवतमाळ, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. पुढील आठवड्यात मुंबईस माझ्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही; मीही मागितली नाही.

१. माझी शिल्लक आईस. तिने ती माझा थोरला भाऊ श्रीकृष्णदादा याच्या हाती देऊ नये.

२. माझे नट-बोल्टचे पाने व मायक्रोमीटर शाळेस. मायक्रोमीटर कुलपात ठेवावा.

३. वडिलांनी माझ्या नावे ठेवलेला ट्रक गोविंदा ड्रायव्हरची विधवा हंसाबाई हिला. कारण असे. गेल्या दसऱ्याला तिने पूजेत इंजिनातील तेलाचा दाब दाखवणाऱ्या ऑइल मीटरच्या काचेवर कुंकू लावले. सुई झाकली गेली, म्हणून मी ते पुसले.

"माह्यं कुंकू काहून पुसलं व बाई? माहा नवरा बसते या गाडीवर!" असे ओरडून तिने पुन्हा लावले, अधिक जाड.

गोविंदा हसला. "इंजिन मले कानानं समजते, बाई. मीटर पाहू का रस्ता?"

मीटर दिसत नाही तोवर गाडी उभी ठेवा, असे मी गाडीचा धंदा पाहणाऱ्या दादाला सांगितले. कापसाचा हंगाम होता. "बायकांच्या कुंकवापायी भाडं सोडू?" तो म्हणाला.

महागावच्या वाटेवर चढावात इंजिन जाम झाले. त्याबरोबर ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी ताकद गेली. भरलेला ट्रक मागे घसरत नाल्यात गेला आणि गोविंदा खाली सापडला. इंजिन मीच खोलले. पंप झिजला होता, बेअरिंगे जळली होती. दादाने पोलिसांना सांगितले की ड्रायव्हर प्यायलेला होता. गोविंदा दारू पीत नसे. हे येथे लेखी राहावे.

हंसाबाई म्हणते, मी पुसले म्हणून तो गेला.

४. गोविंदाचा भाऊ देवराव आता ही दुरुस्त केलेली गाडी चालवील. त्याच्यासाठी: थंड इंजिन सुरू होताच सुई साठ पौंडांपर्यंत चढते, भिऊ नये. तापल्यावर, चालत्या गाडीत चाळीस ते पन्नास. तापलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी असताना पंधरापर्यंत उतरते. तोही बिघाड नव्हे. पण त्याच वेगाला, तेवढ्याच उष्णतेत सुई रोजच्यापेक्षा खाली दिसू लागली तर पंप पाहावा. जाड ऑइल ओतल्याने सुई चढते, पंप सुधारत नाही. चालताना सुई एकदम पडली तर गाडी बाजूला घेऊन, चाकांना दगड लावून इंजिन बंद करावे. कानाला ठोका ऐकू येतो तेव्हा बेअरिंग गेलेले असते.

५. देवरावची बायको दसऱ्याला काचेवर कुंकू लावील. मी मना करून ती ऐकणार नाही. गाडी हलण्यापूर्वी ते पुसले जावे, एवढीच ट्रक देण्याची अट आहे. सवाष्ण ते पुसणार नाही, देवरावही नाही. म्हणून काल हंसाबाईला घरी बोलावून विचारले. ती उंबऱ्याशीच बसली. पाणी घेतले नाही.

"तुले माफ नाही करत मी, बाई," ती म्हणाली. "पण पुसून टाकीन. माह्यं आता काय पुसायचं राह्यलं?"

यापलीकडे मी काही मागितले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला व दोघांसमक्ष सही केली.

सही: सुमेधा अ. पांढरीपांडे

साक्षीदार:
१. पूनमसिंग राठोड, वकिलांचे कारकून
२. शीला गोखले, शिक्षिका

यवतमाळ, ११ सप्टेंबर १९६७