कोचसाहेबांना माझ्यावर पुन्हा ओरडू देण्याबाबत

प्रति,
मा. सचिवसाहेब,
पंच मंडळ, बास्केटबॉल संघटना,
क्रीडासंकुल, पहिला मजला.

विषय : कोचने पंचाशी बोलू नये हा आदेश रविवारच्या अंतिम सामन्याआधी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझाच दोन महिन्यांपूर्वीचा तक्रारअर्ज.
२) त्यावर आपण तत्परतेने काढलेला आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सादर करते की, संदर्भ क्र. १ चा अर्ज मी रागात लिहिला होता आणि तो मंजूर झाला. अर्ज इतक्या लवकर मंजूर होतात याची मला सवय नव्हती, त्यामुळे पुढचा विचार केला नाही. तो आता करते आहे.

१. आपल्या दप्तरी नोंद असेलच, तरी सांगते. मी व्यवसायाने शिंपीण. संघांच्या जर्सीवर नंबर शिवून देते. जर्सी पोचवायला मैदानावर जायचे, सामना संपेपर्यंत थांबायचे, असे करता करता खेळ कळू लागला. नियमांचे पुस्तक मशीनवर उघडे ठेवून पाठ केले. परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले. गेली एकोणीस वर्षे पंच आहे. कोचची तक्रार कशी हाताळावी हे मात्र त्या पुस्तकात नव्हते, ते माझे मीच बसवले. पहिली तक्रार चेंडूवरची नजर न काढता ऐकायची. दुसरीला जवळून जाताना एकच वाक्य बोलायचे, 'ऐकलं, सर.' तिसरीला तळहात दाखवायचा. चौथीला टेक्निकल फाउलचा दंड. आणि चुकीची शिट्टी गेलीच, तर ती फेडायला समोरच्या संघावर दुसरी चुकीची शिट्टी कधीही मारायची नाही. ओरडणाऱ्या कोचला बहुधा उत्तर नको असते, आपल्यावर अन्याय झाला हे कुणीतरी ऐकले एवढेच हवे असते. हे मला घरात दोन दीर आणि एक सासरे सांभाळताना कळले होते, मैदानावर उपयोगी पडले.

२. ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली ते मुलींच्या संघाचे कोच. सगळे त्यांना 'तोफ' म्हणतात. माझ्या प्रत्येक शिट्टीला ते बाकावरून उठत. दोन महिन्यांपूर्वी भरल्या हॉलमध्ये ते म्हणाले, "शिंपीणबाई, सुई सोडून शिट्टी धरली की असंच होतं." वाक्य चांगले होते, हे मी तेव्हाही मान्य केले असते. पण शंभर माणसे हसली आणि त्यात माझे यजमानही होते. घरी येऊन अर्ज लिहिला. आपला आदेश आला की, सामना चालू असता कोचने पंचाशी अथवा पंचाबद्दल एक शब्दही बोलू नये, हरकत असल्यास लेखी नोंदवावी.

३. तेव्हापासून तोफ गप्प आहे. त्यांनी एक काळी वही घेतली आहे. मी शिट्टी मारली की ते घड्याळाकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत, आणि वहीत काहीतरी लिहितात. मला वाटले, लेखी हरकतीची तयारी असेल. चार सामने झाले. गुणपत्रक भरणाऱ्या काकांना दर वेळी विचारले, काही आले का? ते म्हणाले, एक ओळसुद्धा नाही, तुझी काळजी मिटली की गं. माझी काळजी तिथून सुरू झाली.

४. दुसऱ्या सामन्यानंतर उसवलेली एक जर्सी न्यायची राहिली म्हणून मी हॉलकडे परत गेले. भर दुपार होती. दार आतून बंद होते. काचेतून दिसले ते जसेच्या तसे लिहिते. कोचसाहेब मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. आवाज अजिबात चढवलेला नव्हता. वाचून दाखवत होते, "नऊ. तिसरा भाग, चौथं मिनिट. पंचबाईंच्या कृपेने, दहा." आणि नऊ नंबरची मुलगी प्रेक्षकांच्या पायऱ्या चढत-उतरत होती. सेहेचाळीस पायऱ्या आहेत, मी नंतर मोजल्या. एका शिट्टीला दहा खेपा. त्या दिवशी तिच्यावर मी चार शिट्ट्या मारल्या होत्या. चारही बरोबर होत्या. बाकीच्या मुली ओळीने उभ्या होत्या, पाण्याच्या बाटल्या खुर्चीमागे.

पूर्वी ते माझ्यावर ओरडत आणि ओरडून झाले की त्याच मुलींच्या पाठीवर थाप मारत. माझ्या अंगावर येणारी आग मी अर्ज करून दुसरीकडे वळवली, साहेब. कुठे, ते बघितले नाही.

५. मी त्या संघाच्या संस्थेत गेले. तिथे सांगण्यात आले की पायऱ्या चढणे हा सराव असून संघ सध्या अव्वल आहे. मुलीच्या आईला भेटले. त्या म्हणाल्या, ताई, याच खेळावर तिचा कॉलेजचा प्रवेश आहे, तुम्ही मध्ये पडू नका. मग नऊ नंबर स्वतः दुकानात आली, जर्सीचा खांदा उसवला होता म्हणून. उजवा गुडघा बांधलेला होता. टीप घालेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. दुकानात ती मला काकू म्हणते. निघताना एवढेच म्हणाली, "काकू, पुढच्या मॅचला तुम्हीच आहात का? असलात तर जरा..." आणि जर्सी घेऊन गेली. तो 'जरा' माझ्या दुकानातच राहिला आहे.

६. आता कबुलीजबाब. या मुलीची एक सवय आहे, जी आजकाल कुणाला नसते. फाउल झाला की ती शिट्टीची वाट न बघता स्वतःच हात वर करते. गेल्या शनिवारच्या उपांत्य सामन्यात, शेवटचे मिनिट, एका गुणाचा फरक, समोरच्या संघाची कर्णधार रिंगखाली उडी मारत असताना नऊ नंबर तिच्या अंगावर गेली. माझ्यापासून सहा हात अंतर. शिट्टी तोंडात होती. नऊ नंबरचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. मला पायऱ्या दिसल्या. मी शिट्टी मारली नाही. तिने माझ्याकडे बघितले आणि हात हळूहळू खाली घेतला. असा खाली येणारा हात मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता.

कर्णधार मनगटावर पडली. तिचा संघ एका गुणाने हरला. तिच्या कोच नव्या आहेत, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या ओरडल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत." मी म्हणाले, "दिसलं नाही." गुणपत्रकावर हरकतीच्या चौकटीत कर्णधाराची सही लागते. उजवा हात सुजलेला, म्हणून तिने ती डाव्या हाताने केली. ती सही आपल्या टेबलावर पोचली असेल. वेडीवाकडी आहे म्हणून ती खोटी समजू नये. त्या पानावर खोटी एकच सही आहे, पंचाची.

७. आणखी एक गोष्ट. सामना संपल्यावर तोफ माझ्या शेजारून गेली. दोन महिन्यांत प्रथमच ते माझ्याशी बोलले. वही बंद करून खिशात घालत हळूच म्हणाले, "आभारी आहे." हा आदेशाचा भंग ठरतो का, हे मला ठरवता आलेले नाही. पायऱ्यांचा प्रकार मी काचेतून बघितला होता हे त्यांना माहीत होते का, तेही नाही. पण ओरडून जी सूट त्यांना एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती, ती त्या दिवशी गप्प बसून मिळाली. त्या शनिवारी हॉलचे दार उघडे राहिले. मुली हसत घरी गेल्या. नऊ नंबर सगळ्यांच्या मागे होती, एकटी.

८. सबब विनंती की,
(अ) संदर्भ क्र. २ चा आदेश तात्काळ रद्द व्हावा आणि कोचसाहेबांना माझ्यावर हवे तितके, हव्या त्या शब्दांत ओरडण्याची मुभा द्यावी. शिंपीण म्हणण्यास माझी हरकत नाही. मी आहेच.
(ब) काळी वही मंडळाने मागवून घ्यावी.
(क) डाव्या हाताची हरकत मान्य करून सामना पुन्हा खेळवावा, मग मला यादीतून काढले तरी चालेल. मात्र सामन्यानंतर हॉलचे दार उघडे राहील आणि मंडळाचा माणूस आत बसेल, एवढे आधी बघावे. नाहीतर ती सगळी वसुली पायऱ्यांवर होईल.
(ड) रविवारच्या अंतिम सामन्याला दुसरा पंच पाठवायचा झाल्यास त्याला हा अर्ज वाचून दाखवावा. तो बिचारा नियमाप्रमाणे शिट्ट्या मारेल.

या अर्जाचे उत्तर रविवारी चारच्या आत मिळावे. चारला चेंडू वर उडेल, कोचसाहेब समोर वही उघडून बसतील, आणि ती मुलगी हात वर करण्याआधी माझ्याकडे बघेल. बरोबर शिट्टी मारावी तर ती पायऱ्या चढेल. न मारावी तर ती पुन्हा हात खाली घ्यायला शिकेल. दोन्हींतले जास्त वाईट कोणते, हे पुस्तकात सापडत नाही. दोनदा शोधले.

आपली, अजून तरी पंच असलेली,
(सही)
यादी क्र. १७, व्यवसाय : शिवणकाम
गुरुवार, दुकान उघडण्यापूर्वी

सोबत :
१. माझ्या आधीच्या अर्जाची प्रत.
२. आपल्या आदेशाची प्रत.
३. चार सामन्यांत नऊ नंबरवर मारलेल्या शिट्ट्यांची यादी, वेळेसह. एकूण तेरा. सर्व बरोबर.
४. न मारलेली शिट्टी, एक. चौथा भाग, शेवटचे अकरा सेकंद. वेगळ्या कागदावर, सहीसह.