फाटकाची कडी

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी पुन्हा ध्यानाला बसले आणि श्वासाऐवजी फाटकाची कडी ऐकत राहिले. बुद्धमूर्तीपुढे वाहायची माझी चांदणीची फुलं रोज कोण तोडतं? शेजारच्या दुबेदीदीच, दुसरं कोण! कडी वाजली तशी उठलेच. पदरात फुलं घेऊन उभ्या.

"दीदी, बिना पूछे?"

"अरे, आपने ही तो कहा था, रोज ले जाया करो!"

मी? काहून म्हणीन? पण त्यांचे मिस्टर नेपियर टाउनला दवाखान्यात भरती होते तेव्हा... म्हटलंही असेल. न दिलेलं घेऊ नये, हे शील रोज म्हणते. त्यांनी दिलेलंच घेतलं. दिल्याचं मीच विसरले. दिवसभर स्वतःवरच संशय.

उद्या कडी वाजली तरी डोळे उघडायचे नाहीत. पण सगळीच फुलं न्यावी का माणसाने?